मोटारगाडीतील लाकूडकाम आणि अस्सलतेचा प्रश्न : चेंबूर-कुर्ला परिसराच्या संदर्भात

१

इतिहाससंशोधनात 'अस्सल' या शब्दाला जेवढे वजन आहे तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाला असेल. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. अस्सल कागद कोणता, त्याची नक्कल कोणती, आणि नकलेत मागाहून घुसडलेला मजकूर कोणता, हे पारखून घेतल्याखेरीज विधान करू नये अशी शिस्त त्यानंतरच्या काळात मराठी अभ्यासकांनी स्वतःस लावून घेतली. कागदाच्या बाबतीत ही शिस्त अंगवळणी पडली. वस्तूंच्या, विशेषतः यंत्रयुगातील वस्तूंच्या बाबतीत ती अद्याप पुरती रुजावयाची आहे. जुन्या मोटारगाडीच्या अंतर्भागातील लाकूडकाम हे याचे एक उदाहरण होय.

हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून अधिक जुन्या, व्यापारी उपयोगात नसलेल्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची व्यवस्था केली. वाहन मूळ रूपात राखलेले असावे, आणि त्याची चासी, बॉडी व एंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट त्या व्याख्येत आहे. 'मूळ रूप' हे शब्द अशा रीतीने विधिनियमात आले; परंतु गाडीतील लाकडाच्या बाबतीत त्यांचा अर्थ ठरविण्याचे काम गॅरेजमधील सुतारावर आणि पॉलिशवाल्यावर येऊन पडले. पुष्कळदा मूळ रूप साधण्याच्या हेतूनेच जुने लाकूड काढून टाकले जाते व त्या जागी नवे, चकचकीत लाकूड बसविले जाते. काढलेल्या लाकडाबरोबर एक पुरावाही नष्ट होतो. तो पुरावा कशाचा, आणि तो राखून गाडीही दुरुस्त करता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

२

हा विचार चेंबूरपासून सुरू करण्यास कारण आहे. कुर्ल्याहून चेंबूरकडे जाणारा लोहमार्ग १९०६ साली मुंबई शहरातील कचरा वाहून नेण्यासाठी घालण्यात आला आणि १९२४ साली तो उतारूंसाठी खुला झाला. पुढील काळात या उपनगराच्या दोन्ही बाजूंस मोटारीशी निगडित असे उद्योग उभे राहिले. पश्चिमेस कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीचा कारखाना आला. पूर्वेस तुर्भे-माहुल भागात १९५४ व १९५५ साली खनिज तेल शुद्ध करणारे दोन कारखाने सुरू झाले. एका बाजूस गाडी आणि दुसऱ्या बाजूस तिचे इंधन, अशी ही रचना होती.

चेंबूरचा जुन्या मोटारीशी आणखीही एक लोकपरिचित संबंध आहे. १९५८ सालच्या 'चलती का नाम गाडी' या चित्रपटात गॅरेज चालविणाऱ्या तीन भावांपैकी थोरल्याची भूमिका अशोककुमार यांनी केली. त्यांचे दीर्घकाळ वास्तव्य चेंबूरमध्येच होते व २००१ साली तेथेच त्यांचे निधन झाले. त्या चित्रपटातील खटारा गाडी ही १९२८ सालची शेवरोले समजली जाते. प्रेक्षकांना ती विनोदाचा विषय वाटली. परंतु लाकूडकामाच्या इतिहासात १९२८ हे वर्ष आणि शेवरोले हे नाव या दोहोंनाही महत्त्व आहे, हे पुढे दिसून येईल.

या परिसराचे हवामानही ध्यानात घेतले पाहिजे. मुंबईत वर्षाकाठी सुमारे २,२०० ते २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते; हिवाळ्यात ती बरीच उतरते. लाकूड हवेतील ओल शोषते व सोडते, आणि तसे करताना रेषांच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. रेषांच्या लांबीच्या दिशेने त्यात जवळजवळ फरक पडत नाही. इंग्लंडच्या किंवा अमेरिकेच्या हवेत मुरलेले लाकूड मुंबईच्या एकामागून एक अशा पावसाळ्यांतून जाऊ लागले की त्याचे सांधे सैल होतात, सरस सुटतो, पातळ पापुद्रा फुगून वर येतो. तात्पर्य, येथे जुन्या गाडीचे लाकूड दुरुस्त होणे हा अपघात नसून नियम होता. आज हाती असलेल्या गाडीत कारखान्यातून आलेले सर्व लाकूड जसेच्या तसे असेल हे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

३

मोटारीतील लाकडाचे ऐतिहासिक दृष्ट्या तीन वर्ग पाडता येतात : झाकलेले लाकूड, दिसणारे लाकूड आणि भासणारे लाकूड. मुंबईच्या मोटारव्यवसायात तिन्ही आढळतात, आणि प्रत्येकाच्या बाबतीत अस्सलतेची कसोटी वेगळी आहे.

प्रथम झाकलेले लाकूड. मोटारीची बॉडी बांधण्याची कला घोडागाडी बांधणाऱ्यांकडून आली. लाकडाचा सांगाडा उभारावयाचा व त्यावर पत्रा ठोकावयाचा ही पद्धत पहिल्या महायुद्धानंतरही बराच काळ टिकून होती. इंग्लंडमध्ये या कामासाठी ॲश वृक्षाचे लवचिक लाकूड पसंत केले जाई. अमेरिकेत जनरल मोटर्स कंपनीच्या गाड्यांचेही पत्र्याखालील सांगाडे लाकडी असत. १९३५ च्या गाड्यांपासून एकसंध पोलादी छप्पर आले आणि १९३७ च्या सुमारास सांगाड्यातील लाकूड जवळजवळ नाहीसे झाले. याच कंपनीने १९२८ साली शिवडी येथे आपला जोडणी-कारखाना सुरू केला व तेथून शेवरोले गाड्या बाहेर पडू लागल्या. म्हणजे चित्रपटातील ती खटारा गाडी ज्या पिढीतील होती त्या पिढीच्या गाड्यांत पत्र्याखाली लाकूड होते, आणि मुंबईतील पावसाळे त्या लाकडावरूनच गेले.

ते लाकूड कुजल्यावर मुंबईच्या सुताराने काय वापरले असावे? या शहराला सागवानाची परंपरा नवी नव्हती. लवजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईस आले. त्यांच्या वंशजांनी येथील गोदीत मलबारी सागवानाची जहाजे बांधली. त्यांपैकी १८१७ साली पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. रेल्वेचे उतारूंचे डबेही सागवानी बांधणीचे असत, आणि चेंबूरपासून फार दूर नसलेल्या माटुंगा येथे १९१५ साली डब्यांच्या दुरुस्तीचा कारखाना निघाला होता. ट्राम, व्हिक्टोरिया, रेल्वेचा डबा आणि मोटार यांवर काम करणाऱ्या हातांचे कसब एकाच कुळातले होते. सागवानात स्वाभाविक तेल असते. त्यास वाळवी सहसा लागत नाही व त्यातील लोखंडी खिळा ओक लाकडातल्याप्रमाणे लवकर गंजत नाही. ॲश हे लाकूड त्या मानाने ओलीला फार लवकर बळी पडते. म्हणून जुन्या गाडीच्या दाराच्या चौकटीत ॲशच्या जागी सागवानाचा तुकडा आढळला तर ते अज्ञानाचे लक्षण मानू नये. स्थानिक हवेचे ज्ञान असलेल्या कारागिराने विचारपूर्वक केलेली ती निवड असण्याचा संभव अधिक. असा तुकडा काढून परदेशातून मागविलेले ॲश बसविणाऱ्या दुरुस्तीस 'अस्सल' म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या योगे गाडीच्या मुंबईतील आयुष्याची साक्ष पुसली जाते.

४

दुसरा वर्ग दिसणाऱ्या लाकडाचा. इंग्रजी बनावटीच्या प्रतिष्ठित गाड्यांत डॅशबोर्ड व खिडक्यांखालील पट्ट्या अक्रोडाच्या असत. खोडावर किंवा मुळाशी आलेल्या गाठीतून अक्रोडाचा अत्यंत पातळ पापुद्रा काढावयाचा आणि तो साध्या लाकडाच्या किंवा प्लायवुडच्या फळीवर सरसाने चिकटवावयाचा, ही त्याची रीत होती. एकाच गाठीतून सलग निघालेले दोन पापुद्रे पुस्तकाच्या पानांप्रमाणे उलगडून शेजारी-शेजारी लावले म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस एकच नक्षी उमटते. डॅशबोर्डाची शोभा या जुळणीत असते. तेथील एक तुकडा बदलला तरी हे साम्य बिघडते, आणि म्हणूनच फुगलेला भाग काढून टाकण्याऐवजी तो पुन्हा बसविता येईल काय, हे आधी पाहावे लागते. सरस गरम पाण्याच्या वाफेने मऊ होतो. मूळ पापुद्रा धीराने सोडवून पुन्हा चिकटविता येतो. जुन्या पद्धतीचा हा मोठा गुण होय.

हिंदुस्थानात अक्रोडाचे लाकूड काश्मीरमधून मिळते. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने काश्मिरी अक्रोड व युरोपातील अक्रोड एकाच जातीचे आहेत. परंतु सरळ रेषांचे काश्मिरी लाकूड गाठीच्या लाकडाच्या जागी बसविले तर जात तीच राहूनही रूप पार बदलते. उलट, मुंबईच्या सुताराने शिसवाचा पापुद्रा लावला असेल तर जात निराळी, परंतु त्यामागे एकोणिसाव्या शतकात ख्याती पावलेल्या मुंबईच्या शिसवी सामानाची परंपरा उभी असते. केवळ लाकडाची जात पाहून अस्सलता ठरविता येत नाही, हे यावरून स्पष्ट होईल. शिसवाच्या बाबतीत एक व्यावहारिक मर्यादाही आहे : जानेवारी २०१७ पासून शिसवाची संपूर्ण प्रजाती वन्य जाति-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातली गेल्यामुळे त्याच्या देशांतरावर निर्बंध आले.

लाकडावरील लेपाची कथा अधिक उद्बोधक आहे. लाखेचे पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या चपडा लाखेपासून करतात आणि कापडाच्या गोळ्याने थरावर थर चढवितात. ही लाख जगाला मुख्यतः हिंदुस्थानच पुरवीत असे. तिच्या संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली स्वतंत्र संस्था निघाली. म्हणजे विलायती गाडीच्या ज्या अक्रोडी फळीवर लाखेचे पॉलिश होते, त्या फळीवरची झळाळी बव्हंशी छोटा नागपूरच्या व मध्य प्रांताच्या जंगलांतून गेलेली असे. पुढे सेल्युलोजचे व त्याहूनही मागाहून पॉलिएस्टरचे लेप आले. पॉलिएस्टरचा जाड, काचेसारखा थर आज पुष्कळांना अस्सल वाटतो. लाखेच्या काळातील गाडीवर तो कालविपर्यासच ठरतो. शिवाय दुरुस्ती करणाऱ्याने फळीच्या दर्शनी बाजूसच लेप दिला व पाठ कोरी ठेवली, तर पाठीकडून ओल शिरते व पावसाळ्यात फळी वाकते. पाठीलाही तेवढाच लेप हवा, ही गोष्ट मुंबईत तरी विसरून चालणार नाही.

५

तिसरा वर्ग भासणाऱ्या लाकडाचा. तो कुर्ल्याच्या कारखान्याशी निगडित आहे. प्रीमियर कंपनीने आरंभी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या प्लिमथ, डॉज व डीसोटो या नावांच्या गाड्या जोडण्यास घेतल्या. त्या काळच्या अमेरिकन गाड्यांत, उदाहरणार्थ १९४६ ते १९४८ या वर्षांच्या प्लिमथमध्ये, डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा असे आणि त्यावर लाकडाच्या रेषा उमटविलेल्या असत. दुरून पाहणाऱ्यास ते लाकूड वाटावे अशी ती योजना होती. या रेषा पुसट झाल्यावर कोणी हौशी मालकाने तेथे खऱ्या अक्रोडाची फळी बसविली, तर लाकूड खरे आणि दुरुस्ती खोटी, असा विलक्षण प्रकार घडतो. अशा गाडीत पत्र्यावर लाकडाच्या रेषा पुन्हा उमटविणे हीच अस्सल दुरुस्ती होय. नक्कल ही त्या वस्तूच्या घडणीचाच भाग असेल तर नकलेचेही जतन करावे लागते.

यानंतर आर्थिक धोरण पालटले. टॅरिफ कमिशनच्या १९५३ सालच्या अहवालानंतर देशात क्रमाने सर्व भाग बनविण्याचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच वाव राहिला. जनरल मोटर्सने १९५४ साली शिवडीचे काम बंद केले. त्याच वर्षी कुर्ल्यास फियाट ११०० या गाडीचे पर्व सुरू झाले. तीच गाडी पुढे पद्मिनी या नावाने विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत निघत राहिली. तिच्या डॅशबोर्डावर ना लाकूड होते ना त्याचा भास. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने शहराचे रूप घडविले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सीची सेवा संपुष्टात आली. लाकूडकामाच्या दृष्टीने मात्र १९५० नंतरच्या दशकाचे महत्त्व निराळे आहे. परदेशी गाड्या व त्यांचे भाग येणे दुर्मीळ झाल्याने जुन्या गाड्या जपून वापरणे भाग पडले, आणि जो भाग मिळत नाही तो स्थानिक सुताराकडून घडवून घेणे अपरिहार्य ठरले. सागवानी व शिसवी दुरुस्त्यांचा मोठा भाग या टंचाईच्या काळातील असावा असे अनुमान करणे वावगे होणार नाही.

६

अनुमानास पुराव्याची जोड कशी द्यावी? सुदैवाने लाकूड आपला काळ स्वतःच सांगते. फळीची पाठ हे पहिले साधन. कोचबांधणीच्या कारखान्यांत लाकडी तुकड्यांच्या पाठीवर गाडीचा अथवा बॉडीचा क्रमांक ठोकण्याचा किंवा पेन्सिलीने लिहिण्याचा प्रघात होता. क्रमांक जुळला तर तुकडा मूळचा मानण्यास बळकट आधार मिळतो. स्क्रू हे दुसरे साधन. फुलीच्या आकाराच्या खाचेचा स्क्रू मोटारींच्या कारखान्यांत १९३६ च्या सुमारास प्रथम आला; त्याआधीच्या गाडीत तो सापडल्यास तो भाग मागाहून उघडला गेला आहे हे निश्चित. तिसरे साधन चिकटद्रव्य. सरस गरम पाण्याने विरघळतो आणि त्यास विशिष्ट वास येतो. फेविकॉल हे पांढरे चिकटद्रव्य मुंबईतच १९५९ साली बाजारात आले आणि पुढे सुतारांच्या हाती सरसाची जागा त्याने घेतली. ज्या सांध्यात ते आहे तो सांधा १९५९ पूर्वीचा असू शकत नाही. चौथे साधन रंग. उन्हाने लाकडाचा रंग उतरतो; परंतु घड्याळाच्या किंवा वेगमापकाच्या कड्याखाली झाकलेल्या वर्तुळात तो पहिल्यासारखा राहतो. पॉलिशची छटा ठरविताना संग्राहकाच्या आठवणीपेक्षा या लहानशा वर्तुळाची साक्ष अधिक ग्राह्य मानली पाहिजे. दुर्दैवाने पॉलिशपेपर हाती घेतल्यावर प्रथम तेच घासले जाते.

कोणताही एक पुरावा स्वतंत्रपणे निर्णायक नाही. जुना स्क्रू नव्या फळीत बसविता येतो. जुनी फळीही नव्या चिकटद्रव्याने जोडता येते. पुराव्यांचा परस्परमेळ पाहूनच निर्णय करावा लागतो. कागदाच्या बाबतीत अक्षरवटिका, शाई, मायना आणि मिती यांचा मेळ पाहतात, तोच हा न्याय.

७

यातून दुरुस्तीचे कोणते तत्त्व निष्पन्न होते? येथे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे स्मरण उपयुक्त ठरेल. १९१९ साली आरंभिलेले हे कार्य १९६६ साली पूर्ण झाले, वि. स. सुकथनकर यांनी त्याची पद्धती घालून दिली. संपादकांनी उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे प्राचीनतम पाठ सिद्ध केला. परंतु जे श्लोक उत्तरकालीन ठरले ते त्यांनी फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत आपापल्या हस्तलिखितांच्या निर्देशासह छापले. त्यामुळे संपादकांचा निर्णय मान्य नसलेल्या वाचकालाही सर्व सामग्री उपलब्ध राहिली. वास्तूंच्या जतनाबाबत १९६४ च्या व्हेनिस सनदेने जवळजवळ हेच सांगितले : जेथे तर्क सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबावा, आणि सर्व कालखंडांच्या ग्राह्य भरीस मान द्यावा. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेल्या ट्युरिन सनदेचा रोखही तोच आहे.

या तत्त्वास एक आक्षेप संभवतो. गाडी ही ग्रंथ नव्हे. ती चालावयाची असते, आणि कुजलेली चौकट पुराव्यादाखल तशीच ठेवली तर दार निखळून अपघात होईल. हा आक्षेप रास्त आहे. भार वाहणाऱ्या लाकडाच्या बाबतीत सुरक्षितता प्रथम पाहिली पाहिजे. परंतु तुकडा बदलणे आणि तुकड्याची साक्ष नष्ट करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे, मोजमापे टिपावीत, लाकडाची जात, सांध्याची रीत, स्क्रू व चिकटद्रव्य यांची नोंद करावी; काढलेल्या तुकड्यावर गाडीचा क्रमांक व दिनांक लिहून तो गाडीबरोबरच जपून ठेवावा; नव्या तुकड्याच्या पाठीवर वर्ष व कारागिराचे नाव घालावे. याला खर्च जवळजवळ काहीच येत नाही. शोभेचे लाकूड मात्र, ते सुटलेले असले तरी कुजलेले नसेल तर, बदलण्याऐवजी पुन्हा चिकटविण्याचाच प्रयत्न व्हावा, मग ते विलायती अक्रोड असो वा मुंबईच्या सुताराने लावलेले शिसव.

या शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व मोटारीपुरते मर्यादित नाही. वालचंद हिराचंद यांचा इतिहास कंपनीच्या दप्तरांवरून लिहिता येतो. शिवडीच्या कारखान्याचा इतिहास त्याच्या अहवालांवरून लिहिता येईल. ज्या सुतारांनी पन्नास-साठ वर्षे या गाड्या चालत्या ठेवल्या त्यांनी मात्र हिशेबाच्या चिठ्ठ्यांपलीकडे काही लिहिले नाही, आणि त्या चिठ्ठ्याही उरल्या नाहीत. दाराच्या पत्र्याखालील सागवानाचा तुकडा, त्यावरील रंध्याच्या खुणा आणि सांध्याची खाच एवढाच त्यांचा दस्तऐवज आहे. मुंबई व उपनगरांतील जुन्या गाड्या दुरुस्तीसाठी उघडल्या जात असतानाच त्यांतील लाकडाच्या अशा नोंदी घेतल्या गेल्यास दहा-वीस वर्षांत तुलनेस पुरेल एवढी सामग्री जमा होईल, आणि सागवानाची निवड कोणत्या काळी, कोणत्या गाड्यांत व कशी रूढ झाली या प्रश्नाचे उत्तर अनुमानाऐवजी पुराव्याने देता येईल. हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहे. त्यासाठी दप्तरखान्यात जाण्याची गरज नाही. गॅरेजमध्ये वेळेवर पोहोचणे मात्र आवश्यक आहे.